श्यांगगू भिजवलेले पाणी

मी, खाली सही करणारी कांता विठ्ठल गजभिये, वय वर्षे एकोणसत्तर, राहणार नेकारसुल्म, जर्मनी, हे सगळे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, चष्मा नवा आहे आणि कोणी माझ्या मानगुटीवर बसलेले नाही. राग मात्र आहे. रागात केलेले मृत्युपत्र चालते का, हे मी नोटारला, म्हणजे इथल्या नोटरीला, विचारून घेतले. तो म्हणाला, चालते, बरेच लोक तसेच करतात. भाषा मराठी चालेल, पण अक्षर माझेच हवे. साक्षीदार इथे लागत नाहीत. मला लागतात, म्हणून दोन घेतले आहेत.

यापूर्वी केलेला कागद, ज्यात माझी पुतणी ईप्सिता हिचे नाव मी मोठ्या कौतुकाने घातले होते, तो रद्द समजावा.

कलम १. राहते घर, खालच्या केलरसह, म्हणजे तळघरासह, आणि बँकेतील ठेव माझी मुलगी उत्कर्षा हिला. विठ्ठलराव इथल्या मोटारींच्या कारखान्यात सत्तावीस वर्षे राबले, त्यातून हे घर झाले. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही. भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर मात्र सोबत न्यावी.

कलम २. मातीचे झाकणाचे भांडे, वाफवण्याची बांबूची करंडी आणि रुंद पात्याचा सुरा, हेही उत्कर्षाला. या वस्तू मुळात लिन बाईंच्या. त्या चीनहून आलेल्या, आमच्या वरच्या मजल्यावर राहत. मी नवीन आले तेव्हा मला जर्मन येत नव्हते आणि त्यांनाही जेमतेमच. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी मला हाताला धरून वर नेले आणि एका बरणीतले काळे, सुरकुतलेले मशरूम नाकाशी धरले. वाळवलेल्या मशरूमला त्या श्यांगगू म्हणत. वास घेतला आणि मला रडू आले, का ते आजही सांगता येणार नाही. त्यानंतर वीस वर्षे मी त्यांच्या ओट्यापाशी उभी राहिले. मशरूम घालून वाफवलेली कोंबडी, मशरूम आणि टोफू, हिवाळ्यातला रस्सा, सगळे त्यांनी करून दाखवले. बोलणे कमीच व्हायचे. मशरूम रात्रभर थंड पाण्यात ठेवायचे, वर बशी दाबायची म्हणजे ते तरंगत नाहीत. भिजवलेले तपकिरी पाणी त्या जिवापाड जपत. तळाची दोन चमचे रेती सोडून बाकी सगळे भाजीत. एकदा मी ते ओतून द्यायला निघाले, तर त्यांनी माझे मनगट इतके घट्ट धरले की वळ उठला.

कलम ३. घरी येऊन मी हे सगळे एका निळ्या वहीत मराठीत लिहीत असे. ही वही या मृत्युपत्रातली खरी मालमत्ता आहे. तिच्याबद्दल शेवटी लिहिते, कारण आधी ईप्सिताबद्दल लिहिणे भाग आहे.

कलम ४. ईप्सिता ही माझ्या दिरांची मुलगी. हायडेलबर्गला शिकायला आली आणि दोन वर्षे माझ्याकडे राहिली. लिन बाई त्याआधीच वारल्या होत्या. संध्याकाळी गाडीतून उतरून आली की जिन्यातूनच विचारायची, "काकू, काय केलंयस आज?" मग लॅपटॉप उघडून बसायची, आणि ताट मी तिच्या हातात द्यायची. ती दोन वर्षे माझ्या म्हातारपणातली सगळ्यात चांगली वर्षे होती, हे मी लपवत नाही.

नोकरी लागून ती म्युनिकला गेली. तीन वर्षांपूर्वी तिचे जर्मन भाषेतले पुस्तक टपालाने आले: वाळवलेल्या मशरूमचे घरगुती चिनी पदार्थ. आत लिहिले होते, "प्रिय काकूस." प्रस्तावनेत लिहिले होते की हे पदार्थ तिने म्युनिकच्या छोट्याशा स्वयंपाकघरात एकटीने, चुकतमाकत शोधून काढले. लिन बाईंचे नाव नाही. माझे नाही.

मी स्वतःची समजूत घातली, की असेल, पदार्थ काय, कोणालाही सुचू शकतात. मग पान एकेचाळीस उघडले. तिथे छापले होते: मशरूम भिजवलेले पाणी शेवटी फेकून द्यावे. खालीही तेच, आणि पुढच्या नऊ पदार्थांत तेच.

मी वही काढली. तिथे माझ्या अक्षरात होते: "शेवटी मशरूमचे पाणी टाकणे."

लिन बाईंना किंवा मला एकदा जरी करताना कोणी पाहिले असते, तर ही चूक झाली नसती. ती फक्त माझ्या वहीतून उचलता येते. वही घराबाहेर कधी गेली नाही, म्हणजे तिने पानांचे फोटो काढले होते. ते माझ्या घरात, मी तिच्यासाठी भात लावत असताना काढले असणार.

मी फोन केला. ती म्हणाली, "काकू, रेसिपीवर कुणाचा हक्क नसतो गं. आल्झो, म्हणजे तू तरी त्या वहीचं काय करणार होतीस?" मी फोन ठेवला. पाण्याबद्दल तिला बोलले नाही. आजतागायत बोललेली नाही. जर्मनीभर लोक लिन बाईंची चव सिंकमध्ये ओतत आहेत, आणि मी गप्प आहे. याची मला लाज वाटते, पण राग लाजेहून मोठा आहे. उत्कर्षाला सांगितले, तर ती म्हणाली, "आई, लास दॉख." म्हणजे जाऊ दे. मी जाऊ दिलेले नाही.

कलम ५. खरे लिहायचे तर पूर्ण लिहावे. शेजारच्या राजाभाऊंना मी पुरावा म्हणून वही दाखवली. त्यांनी ती ओळ वाचली आणि म्हणाले, "वहिनी, टाकणे म्हणजे फेकणेच ना?" त्यांच्या पत्नी मनोरमाबाई म्हणाल्या, "अहो, भाजीत टाकणे. मीठ टाकतो तसं." त्यावरून त्या दोघांची चांगलीच जुंपली. मी वही परत घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. शब्द माझाच होता.

आणि दुसरी गोष्टही माझीच. ईप्सिता सुरुवातीला दोनतीनदा ओट्यापाशी आली होती. मीच तिला परत पाठवले. लहानपणी मला पुस्तकावरून उठवून चुलीपुढे बसवत, म्हणून मी ठरवले होते की या मुलीला उठवायचे नाही. "तू अभ्यास कर," मी म्हणाले. तिने पाहिले नाही, कारण मी पाहू दिले नाही. चोरी मात्र तिचीच. ती मी माझ्या माथी घेणार नाही.

कलम ६. निळी वही उत्कर्षाला. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून ती बंदच राहील. ईप्सिताला माझ्याकडून काही नाही. माझ्यामागे बुद्धवंदना झाल्यावर हे मृत्युपत्र तिच्यासमोर मोठ्याने वाचावे. पाण्याचे तिला तेव्हा कळेल.

कलम ७. मात्र माझ्या हयातीत ईप्सिता आली, ओट्यापाशी माझ्या शेजारी उभी राहिली, आणि "काकू, या पाण्याचं काय करायचं?" असे तिने स्वतःहून विचारले, तर कलम ६ रद्द व वही तिची. ही अट तिला कोणीही कळवू नये. साक्षीदारांनी तसे वचन दिले आहे. दर शुक्रवारी रात्री मी मशरूम भिजत घालते आणि दोघींचे घालते.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि "टाकणे" हा शब्द कुठेही खोडलेला नाही.

सही: कांता विठ्ठल गजभिये

साक्षीदार:
१. राजाभाऊ मेश्राम
२. मनोरमा राजाभाऊ मेश्राम (वचन दिले आहे, पण ते पाळवेल असे वाटत नाही.)

स्थळ: नेकारसुल्म
दिनांक: १ मार्च २०२५, शनिवार