बारा वेळा 'अतिउत्तम'

१२ जून

सुटताना भरायचा अभिप्रायाचा फॉर्म परत आला! बारा प्रश्न, प्रत्येकापुढे पाच चौकोन, 'अतिशय वाईट'पासून 'अतिउत्तम'पर्यंत. या व्यसनमुक्ती केंद्रात चव्वेचाळीस दिवस काढले. म्हटलं, विचारताय तर सांगते. लिहिलं — डॉक्टर आठवड्यातून एकदा, तेही दारातूनच. बाथरूमला कडी नाही. पहिल्या आठवड्यात अंग पिळवटून निघत होतं, उलट्या थांबत नव्हत्या, तेव्हा गोळी मागितली तर म्हणे, 'तेवढं भोगायलाच हवं.' मी ऑपरेशन थिएटरची नर्स. सतरा वर्षं! तडफडणाऱ्याला काय देतात ते मला ठाऊक आहे. तेच चोरून स्वतःला टोचत होते म्हणून तर इथे आले.

समुपदेशक बाई समोर बसल्या होत्या. कडक इस्त्री, मऊ आवाज. "सिस्टर, अजून फार राग आहे तुमच्यात. राग आहे म्हणजे उपचार पुरे झालेले नाहीत. सरांना सांगते, आणखी पंधरा दिवस ठेवू."

म्हणजे तक्रार हेच आजाराचं लक्षण!

१३ जून

शेजारच्या खाटेवरच्या मावशी आज घरी गेल्या. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, नवरा वारल्यावर दारूला लागल्या. फॉर्मवर बाराही ठिकाणी 'अतिउत्तम'. चष्मासुद्धा लावला नाही. "अगं, वाचायचंय कशाला? शेवटच्या चौकोनात खूण करायची नि सुटायचं." निघताना माझ्या गालावरून हात फिरवला. बोटं थरथरत होती. दोन महिन्यांनंतरही! कुणालाच दिसलं नाही?

१६ जून

नवऱ्याचा फोन. "लिहून टाक ना गोड. तुला जिथे तिथे खोटच दिसते." लेकीला दे म्हटलं. "ती क्लासला गेलीय." मागून तिचा आवाज येत होता.

२१ जून

काही नाही. पंखा बघितला.

२४ जून

मावशी गेल्या. त्यांची मुलगी राहिलेली पिशवी न्यायला आली होती, तिने सांगितलं. आठ दिवस नीट होत्या. नवव्या दिवशी प्यायल्या, जिन्यावरून पडल्या. "आईला इथलं काही पटत नव्हतं हो. मीच म्हणायची, कुरकुर करू नकोस." बोलता बोलता ती पिशवी कवटाळून बाकावर बसली. मला पाणीसुद्धा द्यायचं सुचलं नाही.

आणि खाली फळ्यावर मावशींचा फॉर्म टांगलाय! वर ठळक अक्षरांत — 'आमचे समाधानी रुग्ण'. बाईंना म्हटलं, निदान तो तरी काढा. खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ते सर ठरवतात."

दगड आहे बाई. नुसता दगड.

२७ जून

बारा वेळा 'अतिउत्तम'. बाईंनी फॉर्म घेतला, मान वर केली नाही. सुटले.

४ जुलै

लेक माझ्याशी बेतानं बोलते, पाहुणी आल्यासारखी. कामावर मेट्रनने मला धुलाई विभागात टाकलंय. दिवसभर चादरींच्या घड्या. औषधांच्या कपाटाकडे फिरकायचं नाही. बरोबरच आहे त्यांचं. बरोबर आहे म्हणून तर जास्त झोंबतं.

आज दुपारी अंग सुई मागायला लागलं. चादरींच्या गठ्ठ्यात तोंड खुपसून रडले. कुणाला सांगू? मी तर अतिउत्तम बरी झालेय!

१० जुलै

सरकारी इस्पितळातल्या व्यसनमुक्ती विभागात गेले. स्वतःहून. कळकट खोली, डुगडुगणारं टेबल. डॉक्टरीण फटकळ — "किती वर्षं? शेवटचं कधी टोचलंत? खोटं बोलू नका, माझा वेळ जातो." जिभेखाली ठेवायची गोळी, रोज सकाळी इथे येऊन घ्यायची. "त्रास झाला की लगेच सांगायचं. शहाणपणा करून सोसत बसायचं नाही." ओरडूनच बोलली. मला हुंदका आवरेना.

१५ जुलै

गोळीच्या रांगेत माझ्यापुढे केंद्रातल्या समुपदेशक बाई! वाटलं, कुणा रुग्णाला घेऊन आल्या असतील. मग खिडकीतून त्यांचाच नंबर पुकारला. त्यांनी गोळी जिभेखाली ठेवली, वळल्या, मला पाहिलं. तोंडात गोळी. बोलता येत नव्हतं, नुसते हात जोडले.

गोळी विरघळेपर्यंत बाकावर बसावं लागतं. माझी घेऊन मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले.