चुंबकाशेजारची डबी

४ फेब्रु.
लिहायचं टाळत होतो. वही उशाखाली आणि मी समुद्रावर. आज लिहितो, कारण बोलता येत नाहीये.

सोमवारी वैदेहीताईने कसालला पाठवलं. तिच्या लॅबमधला मित्र गोव्याला चाललेला, त्याच्याकडून डबी घ्यायची. बजावलं होतं, "सरळ घराक ये. चुंबकाजवळ नेव नको." हो म्हटलं. मग आचऱ्याला जरा फिरून... तिथे एका पर्यटकाची स्कूटरची चावी खाडीत पडलेली. भजनी मंडळाच्या फुटक्या स्पीकरचं चुंबक माझ्या पिशवीत असतंच, दोरीला बांधलेलं. चाव्या, गळ, काय काय काढतो त्याने. चावी निघाली. चहा झाला. चुंबक परत पिशवीत. डबीवर.

५ फेब्रु.
जेवताना ताईला विचारलं, डबीत काय. म्हणाली, नखाएवढा तुकडा. त्यावर चुंबकं, डोळ्याला दिसणार नाहीत इतकी बारीक, लावणीच्या भातासारखी ओळीत. तापवून हळूहळू थंड केलेली, म्हणजे प्रत्येकाने आपलं तोंड आपणच ठरवलं. परदेशातल्या मशीनवर त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे. किरण विखुरतात, पडद्यावर ठिपके उमटतात, त्यावरून कळतं कोणाचं तोंड कुठे.

"आणि बाजूक मोठा चुंबक इला तर?"
"सगळी एकाच बाजूक बघतली. मगे बघूक काय रवला?" हसली. "हय कळला तर लॅबमधे परत तापवूक तरी येता. थंय गेल्यावर कळला तर गेला सगळा. वर्षभर थांबान नंबर लागलो रे."

ताट तसंच ठेवून उठलो. रविवारी निघणार ती.

६ फेब्रु.
चोरून डबी उघडली. तुकडा चकचकीत. काही दिसत नाही, हेच वाईट. तडा गेला असता तर निदान...
पिशवीतला माझा चाकू टाचणीजवळ नेला. टाचणी उडून चिकटली. पिशवीत चुंबकाशेजारी राहून चाकूचंही चुंबक झालंय, मग तुकड्याचं...
आई म्हणते, "ताप इलो काय रे? बांगडो पण खाणस नाय."

७ फेब्रु. सकाळ
विहिरीवर गाठलं. म्हटलं, ताई, सोमवारी मी आचऱ्याक... तिचा फोन वाजला. तिकिटाचं काहीतरी. हाताने थांब म्हणाली. नाही थांबलो. तोंडवलीच्या सुरूच्या बनापर्यंत चालत सुटलो.

दुपार
अंगणात रिक्षा. ताईचे लॅबमधले सर उतरले. न कळवता. मालवणला आले होते, म्हणे जाता जाता तुकडा बघावा. ताई पदराला हात पुसत शुद्ध बोलायला लागलीय. आई पोहे करतेय.
ताई ओसरीवरून हाक मारतेय, "अरे, डबी घेऊन ये. तूच आणलीस ना, सरांना सांग कशी आणलीस ती."