क्लच दबत नाही

१४ सप्टेंबर २०१७

यायच्या फटफटीचा क्लच दबत नाही! दोन्ही हातांनी दाबला तवा कुठं हालला. दीपा पायरीवर बसून टाळ्या वाजवते. तिले वाटते आई खेळून राह्यली.

दीपाचे बाबा हासले. "तुह्या बोटात जोर नाही. गाडी राहू दे, भाकरी टाक."

मी काहून शिकतो ते सांगतलं नाही. परवा तांड्यावरचा धावजी फवारणी करून आला अन ओट्यावरच पडला. तोंडाले फेस. जीप भेटायले दोन घंटे! वाचला कसातरी. हे बी रोज पंप पाठीवर घेतेत. कपाशी डोक्याच्या वर गेली, औषध सारं तोंडावर येते. नका जाऊ म्हटलं तं म्हणतेत, "मंग घरी बसून काय करू, पाळणा हालवू?"

यायले काही झालं तं आर्णीच्या दवाखान्यात मीच नेईन. बस.

१५ सप्टेंबर

क्लचच्या वायरीत गोडंतेल सोडलं. हलका झाला!

१७ सप्टेंबर

कायचा हलका! धूळ बसून अजून घट्ट. हे फवारणीले पायीच गेले. मी वायर काढली, पिशवीत टाकली, जीपनं आर्णी. किसनसिंग मिस्त्रीनं वास घेतला. "भाभी, भजे तळले का यात?" सारे हासले. हासू दे. वायर आतून तुटली होती. नवी देल्ली. म्हणे, इंजिनचं तेल थेंब थेंब सोडा, क्लचच्या दांडीच्या बोल्टाले ग्रीस लावा, अन बोटं दांडीच्या टोकाकडं ठेवा, मुळाशी नाही.

सारं केलं. बराच हलका. पन मले अजून पाह्यजे.

१९ सप्टेंबर

आज मीच वायरीचा नट ढिला केला. लोण्यावानी दबला! गेर टाकला— अन गाडी उडी मारून काट्याच्या कुपात! क्लच दाबलेलाच होता, तरी! लय ढिला केला तं दांडी दबते, क्लच सुटत नाही. कोपर सोललं. इंदुताई भिंतीवरून म्हणे, "बैल बरा व बाई, होऽ होऽ म्हटलं तं थांबते!"

दीपा रडली. मी नाही. नट परत कसला. दांडीपाशी नाणं जाईल एवढीच फट ठेवली.

२३ सप्टेंबर

दोन बोटांनी दबते! पांदणीनं फाट्यापर्यंत गेली अन आली. भेव वाटते. पन जमते.

२५ सप्टेंबर, आर्णी, दवाखाना

सकाळी हे पंप घेऊन गाडीवर बसले. क्लच दाबला अन थांबले. "बरं केलं तू. पंधरा दिवस झाले, मलेच दबत नव्हता. बिनक्लचचाच गेर टाकून राह्यलतो. मूठच वळत नाही."

हात पुढं केला. थरथर.

मी पंप उतरवला. म्हटलं, "मागं बसा."

बसले.