साभार परत

४ जुलै
क्वीन्सटाउनला पोचले. पाऊस इथे पगारी नोकर असल्यासारखा नेमाने पडतो. 'खाणमुख' या भयकथांच्या त्रैमासिकाचा छापखाना जुन्या बेकरीत आहे. भट्टीच्या जागी छपाईयंत्र. शाईचे रूळ झिजलेत, पण नीट लावता येतील. माझं काम मांडणी, छपाई आणि आलेल्या कथांचं पहिलं वाचन. नोरीन टफिन संपादक, मालक आणि गठ्ठे बांधणारीही. सॉसेज रोल पुढे करत म्हणाली, इथे दोनच गोष्टी वाळत नाहीत पोरी, मोजे आणि शाई. भाड्याचं घर पत्र्याचं आहे. मागच्या दाराची कडी सैल, बाकी उत्तम. मी खूश आहे.

९ जुलै
नाकारलेल्या कथेबरोबर सुधारणा सुचवायच्या, ही इथली रीत. नोरीन म्हणते, छापत नाही तर निदान शिकवू तरी. आज कुणा प्रॉक्टरची कथा वाचली. एकटी बाई, ओल्या कोटातला पाहुणा, बाईचा मृत्यू. ढिसाळ. लिहून पाठवलं: घर कुठलंही वाटतं, नेमकं करा. बाईला नाव द्या. ओल्या पावलांचा आवाज फार जुना झाला, काढून टाका. शेवट घाईत उरकलाय. तिला इतक्या लवकर सोडू नका.

१५ जुलै
नोरीनला सहज सांगितलं. गठ्ठ्याची दोरी तिच्या हातातच राहिली. म्हणाली, प्रॉक्टरला सूचना द्यायच्या नसतात. 'कथा मिळाली, आभार', बस. मी विचारलं, का, चिडतो? नाही म्हणाली, पाळतो. माझ्या आधीची वाचक विल्मा फार छान सूचना लिहायची म्हणे. ती आता कुठे असते विचारलं, तर नोरीन चहा ठेवायला उठली.
नव्या माणसाची फिरकी घेत असावी. भयकथावाल्यांना तेवढंच येतं.

२१ जुलै
प्रॉक्टरने कथा सुधारून पाठवली. छापखान्यात नाही, माझ्या घरी. कथेतलं घर आता पत्र्याचं आहे, मागच्या दाराची कडी सैल. बाईचं नाव टॅम्सिन डूली.
ते माझं नाव आहे.
नवी कडी बसवली.

२३ जुलै
नोरीनने प्रॉक्टरला कळवलं, कथा पहिली होती तशीच स्वीकारतो. मला म्हणाली, माझ्याकडे झोप आणि रस्ता उघडला की होबार्ट शहर गाठ. इथे जुलैत हिवाळा, बर्फामुळे घाट बंद आहे.

२५ जुलै
नोरीनचं पत्र परत आलं. त्यावर त्याच्या अक्षरात: साभार परत. सूचना योग्य होत्या.

२६ जुलै, दुपार
रस्ता उघडला. बॅग घ्यायला घरी आले. मागचं दार बंद, कडी शाबूत.
स्वयंपाकघरात, खुर्चीच्या पाठीवर, ओला कोट —
पुढचं दार आता उघडत नाही. नोरीनला फोन लावला. ती हॅलो हॅलो म्हणत राहिली, माझं तिला काही ऐकूच —
कोटातून पाणी गळतंय. आवाज नाही. कसलाच. आवाज मीच काढून टाकायला —
कोट खुर्चीवर नाही.
तो घाई करत नाहीये. मीच लिहिलं होतं, तिला इतक्या लवकर