खाऱ्या टाकीत काय सोडू नये

प्रिय मित्र बुधाजी यास,

अकोल्याहून महादेवचा जयभीम. तुझा रामराम येईलच, तो मिळाला असं धरून पुढे लिहितो. इकडे सर्व ठीक आहे. तुझा गुडघा काय म्हणतो, सूनबाईंची बदली अमरावतीतच राहिली का, ते कळव. (शुद्ध भाषेत लिहितो आहे. शाळेत वऱ्हाडी लिहिली म्हणून मार खाल्लेला हात अजून घाबरतो. मध्येच घसरलो तर समजून घे.)

परवा फोनवर तू विचारलंस की नातीला, नीलमला, खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी हवी आहे, तर कोणते प्राणी आणू नयेत. तू पोस्टात जन्म काढलास, तुला असा सल्ला फोनवर देणं बरं दिसत नाही, म्हणून हे पत्र. शिवाय या विषयात माझ्याइतक्या चुका अकोल्यात दुसऱ्या कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

मुलानं टाकी आणली तेव्हा समुद्राच्या मिठाची पिशवीही आणली. मला हसूच आलं. आपण खारपाणपट्ट्यातली माणसं, आपल्याला मीठ आणून देतो! दुसऱ्या दिवशी दोन कॅन घेऊन एसटीनं गावाला गेलो. आपली खारी विहीर आहे अजून. आत लिंबाचं झाड उगवलं आहे, घरोघरी नळ आल्यामुळे तिकडे कोणी फिरकत नाही. कठड्यावर बराच वेळ बसलो. गोड्या पाण्याच्या विहिरीवर तुझ्या आईला किती वेळ लांब उभं राहावं लागायचं, ते मी तुला काय लिहू? पण या खाऱ्या विहिरीवर कोणी हक्क सांगितला नाही, म्हणून आपण दोघं एकाच पाण्यात पोहायला शिकलो. तू मला कमरेला दोर बांधून सोडलं होतंस आणि मध्येच बोरं खायला गेला होतास. ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं. तितकंच वाईट लागलं. फार बरं वाटलं. (दुकानदार देवीदासनं ते तपासून सांगितलं की हे खारं आहे, पण समुद्राचं नाही, यात मासा टिकणार नाही. कॅन गच्चीवर तसेच ठेवले आहेत. फेकवत नाहीत.)

आता प्राण्यांकडे येतो. निळा डॅमसेल मासा आणू नको. दिसायला फार देखणा, बोटाच्या दोन पेरांएवढा. देवीदास म्हणाला, काटक आहे, मरत नाही. ते खरं निघालं, फक्त तो दुसऱ्यालाही जगू देत नाही. चार दिवसांत त्यानं सगळी टाकी ताब्यात घेतली. पट्ट्यापट्ट्यांची नारिंगी जोडी आणली होती, ती बिचारी पंपामागे भाड्यानं राहिल्यासारखी राहायची. काच पुसताना तो तुझ्या वहिनीच्या, रुख्मिणीच्या, बोटाला चावला. ती म्हणाली, "याले पायलं का मले तुमचा जुना साहेब आठवते."

दगड आणशील तो नीट पाहून आण. आमच्या दगडात एक झिंगा लपून आला होता. दुपारी आडवा झालो की टक् टक् आवाज यायचा. मला वाटलं पंखा. वायरमन बोलावला, त्यानं पंखा खाली उतरवून ठेवला, आणि आवाज येतच राहिला. टाकीतल्या गोगलगायी एकेक करून फुटलेल्या सापडल्या तेव्हा उलगडा झाला. अंगठ्याएवढा प्राणी, पण ठोसा असा की शंख फुटतो. देवीदासनं दगडासकट नेला. पंखा बसवायला वायरमन अजून आलेला नाही. ऑक्टोपसही नको. झाकणाच्या फटीतून निघून जातो असं देवीदासच म्हणाला, आणि जो आपलाच माल घेऊ नका म्हणतो त्याचं ऐकावं.

सर्वांत वाईट समुद्रकाकडी. वाळू साफ करते म्हणून मी हौसेनं आणली. "काकडीच पायजे होती तं भाजीबाजारात काय कमी होत्या?" असं रुख्मिणी तेव्हाच म्हणाली होती. मग आम्ही हिवरखेडला लग्नाला गेलो. जाताना रुख्मिणीनं निळ्याला शिक्षा म्हणून, हवेची नळी लावून, बादलीत वेगळं ठेवलं. आमच्या मागे काकडी सरकत सरकत पंपात अडकली. ती मरताना विष सोडते, हे मला माहीत नव्हतं. परत आलो तर नारिंगी जोडी वर तरंगत होती. बुधाजी, दोन माशांसाठी साठी उलटलेल्या माणसानं रडावं का, ते तू ठरव, मी रडलो. बादलीतला निळा मात्र धडधाकट होता. आता एवढ्या मोठ्या टाकीत तो एकटा आहे आणि कोणाशी भांडावं ते त्याला समजत नाही. काचेवर येऊन माझ्याकडे पाहत बसतो.

नीलमला आशीर्वाद. तिला नारिंगी जोडी घेऊन दे, आणि दुसरं काहीच नको.

तुझा,
महादेव

ता. क. या रविवारी इकडे ये आणि आठ दिवस राहा. सोमवारी मला नागपूरला जायचं आहे. हृदयाच्या नळ्यांचं थोडं काम निघालं आहे, डॉक्टर छाती उघडून करतात म्हणे. किरकोळच आहे, हल्ली सगळ्यांचं होतं. रुख्मिणी माझ्यासोबत येणार, तेव्हा निळ्याला दोन वेळा खायला घालायला घरचं माणूस हवं. परक्याच्या हातचं तो खात नाही.

आणखी ता. क. भाऊजी, जयभीम. पाकीट चिकटवाले माह्याजवळ दिलं म्हणून मी लिहून रायली. माशाले शेजारची वर्षाली खाऊ घालते, तो तिच्या हातचं चांगला खाते. तुमी अकोल्याले नका येऊ, सोमवारी सकाळी अमरावतीहून सरळ नागपूरले या. यायनं आपरेशनची तारीख तीनदा पुढं ढकलली. काहून म्हटलं तं सांगत नोयते. काल बोलले, बुधाजी संगं असला तं जातो.