आधी चौकशी, मग अर्ज

३ ऑगस्ट, रविवार
सकाळी लेकीने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. सरकारी विमा कंपनीची जाहिरात. अधिकाऱ्यांची भरती, साडेतीनशे जागा. म्हणाली, बाबा, वयात बसायची माझी ही शेवटची भरती. पुढची निघेल तेव्हा मी तिशीपार.

चष्मा लावून दोनदा वाचली. संशयाला जागाच जागा. पगार आधीच छापून टाकलाय. ज्याला खरंच द्यायचा असतो तो पगार शेवटी सांगतो, तोही खालच्या आवाजात. शिवाय तळाला लिहिलंय, कोणाच्याही भूलथापांना बळी पडू नका. खऱ्या माणसाला असं लिहायची गरज काय?

गोदामाच्या गेटवर पंचवीस वर्षं काढली आहेत. आता सुपरवायझर आहे. आत येणारा माणूस मी चपलांवरून ओळखतो. जाहिरातीला चपला नसतात, एवढीच अडचण.

लेकीला सांगितलं, शेवटची तारीख एकवीस आहे, भरपूर वेळ आहे. आधी चौकशी, मग अर्ज. ती म्हणाली, बरं बाबा.

इतक्या पटकन बरं म्हणणारी ती नाही. नोंद करून ठेवतो.

४ ऑगस्ट, सोमवार
हिने जेवताना तीन वर्षांपूर्वीचं बँकेचं पत्र उकरून काढलं. लेकीला मुलाखतीला बोलावलं होतं आणि मी ते पत्र फाडलं, हे खरं आहे. पाकिटावरचा शिक्का तिरका होता. नंतर कळलं, शिक्के तिरकेच पडतात. पण तत्त्व म्हणून मी बरोबरच होतो.

ते पत्र आणणारा पोस्टमन आमच्याच वरच्या मजल्यावर राहतो. तेव्हा नोकरीत होता. तूही त्या टोळीत सामील दिसतोस, असं मी त्याला जिन्यात म्हणालो होतो. तेव्हापासून बोलणं बंद. माणूस निर्दोष असता तर एवढा राग आला असता का?

८ ऑगस्ट, शुक्रवार
अर्धी रजा टाकून विमा कंपनीच्या शाखेत गेलो. गेटवरच्या गार्डने रजिस्टर पुढे केलं नाही, नाव विचारलं नाही. नुसता हात केला, जा आत. असल्या ढिल्या गेटची कंपनी खरी कशी असेल?

आत काउंटरवर एक बाई. भरती खरी आहे का, विचारलं. म्हणाल्या, काका, सगळं वेबसाइटवर आहे. मी म्हणालो, वेबसाइट खरी कशावरून? म्हणाल्या, आमची आहे म्हणून. मी म्हणालो, आणि तुम्ही खऱ्या कशावरून?

त्या हसल्या. खुर्ची दिली, पाणी दिलं, घरी कोण कोण असतं विचारलं. बाहेर पडलो तेव्हा माझ्या हातात पॉलिसीची पावती होती. चौकशी उघडी पडू नये म्हणून गिऱ्हाइकाचं सोंग घ्यावं लागलं. सोंग वीस वर्षांचं आहे.

११ ऑगस्ट, सोमवार
बाई बोलण्यात तरबेज होत्या, हाही पुरावाच. मुख्य कार्यालयाला रजिस्टर पत्र पाठवलं. आपली जाहिरात आपणच दिली आहे काय, सही-शिक्क्यानिशी कळवावे. उत्तर आलं की त्याच दिवशी लेकीला अर्ज भरायला सांगणार. गावच्या शाळेतले गुरुजी म्हणायचे, पोरा, तुझं अक्षर चांगलं आहे, घाई तेवढी करू नकोस. आयुष्यभर पाळलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार
शेवटचा दिवस. उत्तर नाही.

खरी कंपनी एवढ्या दिवसांत एक ओळ पाठवणार नाही? हे मौनच सगळं सांगतं. लेकीला जवळ बसवून समजावलं, बाळा, वाचलो आपण. मला वाटलं होतं रडेल. ती म्हणाली, बरं बाबा. हिने न मागता चहा दिला, वर साखर जास्त.

देवापुढे हात जोडले. म्हटलं, तू मला संशय दिलास, त्याची परतफेड मी अशी करतो. छान झोप लागली.

२ सप्टेंबर, मंगळवार
घरात काहीतरी शिजतंय.

लेक रोज संध्याकाळी वरच्या मजल्यावर जाते. पोस्टमनकडे! विचारलं तर म्हणते, काकूंना मोबाइल शिकवते. रोज? मोबाइल आहे की विमान?

आज जिन्यात उभा राहून कान दिला. पोस्टमनचा आवाज: एक नळ टाकी आठ तासांत भरतो, दुसरा बारा तासांत, आणि तिसऱ्या नळाने टाकी रिकामी होते. मग लेकीचा आवाज, तिन्ही एकदम सोडले तर किती वेळात भरेल.

सगळं लक्षात आलं. इमारतीच्या पाण्यावर डोळा आहे. दोन नळांनी भरून घ्यायचं आणि तिसऱ्याने परस्पर पळवायचं. आणि त्यात माझ्या पोरीला गुंतवलंय. उद्यापासून टाकीवर लक्ष.

१४ सप्टेंबर, रविवार
टाकीत काही सापडलं नाही. पाय घसरून गुडघा मात्र सुजला. पोस्टमनने वरून पाहिलं. हसला नाही. न हसणं हे जास्त वाईट.

५ ऑक्टोबर, रविवार
लेक भल्या सकाळी तयार. कानातलं काढलेलं. हातात घड्याळ नाही, पायात बूट नाहीत, साध्या चपला. पाण्याची बाटली आरपार दिसणारी, तिच्यावरचं लेबलसुद्धा खरवडलेलं.

असा माणूस माझ्या गेटवर आला असता तर मी काय समजलो असतो? झडतीची तयारी करून आलाय. मग ही कोणाला झडती द्यायला निघाली?

हिला विचारलं. हिने क्षणभर लेकीकडे पाहिलं आणि म्हणाली, मौनाचं शिबिर आहे, तिथे अंगावर काही चालत नाही.

माझा ऊर भरून आला. नोकरीची हाव सुटली आणि पोर देवाकडे वळली. आपण दारात उभं राहून एक खोटी वाट बंद करतो, तेव्हा कुठेतरी खरी वाट उघडत असते. मीच तिला बसपर्यंत सोडलं. म्हटलं, कोणी काही विचारलं तर घाईने उत्तर देऊ नकोस, चार वेळा विचार कर. ती म्हणाली, बाबा, तेवढा वेळ नसतो हो.

मौनात वेळ नसतो? विचित्र शिबिर आहे.

९ नोव्हेंबर, रविवार
शिबिराचा दुसरा टप्पा. पहिल्यातून थोड्यांनाच घेतात म्हणे, आपली निवडली. मी गेटवर सगळ्यांना सांगितलं. जोडीदार गार्ड, ज्याला आम्ही बुटका म्हणतो, तो म्हणाला, मौनात नापास कसं होतात हो? मी म्हणालो, तू तर पहिल्या पाच मिनिटांत होशील.

१४ जानेवारी, बुधवार
तिसरा टप्पा. आज प्रत्यक्ष गुरूंची भेट. हिने लेकीचे कपडे दोनदा इस्त्री केले. संध्याकाळी मी विचारलं, कसे होते गुरू? लेक म्हणाली, पाच जण होते, समोर बसून प्रश्न विचारत होते. मी विचारलं, काय विचारलं? म्हणाली, एकाने विचारलं, जोखीम म्हणजे काय?

केवढा खोल प्रश्न! मी बराच वेळ त्यावर विचार करत बसलो. तू काय सांगितलंस, म्हणालो. ती म्हणाली, घरातलं उदाहरण दिलं.

१० मार्च, मंगळवार
आजचा दिवस माझा.

साप्ताहिक सुट्टी. ही बाजारात, लेक बाहेर, पोस्टमन बहिणीच्या गावी. मी इमारतीच्या दारात खुर्ची टाकून बसलो होतो. खांद्याला बॅग लावलेला एक माणूस आला. कागद काढून लेकीचं नाव वाचलं. म्हणाला, ही मुलगी इथे राहते का? वागणूक कशी आहे? शेजारी म्हणून तुमचं काय मत?

माझी नजर थेट त्याच्या चपलांकडे. कोऱ्या करकरीत! दारोदार फिरणाऱ्याच्या चपला अशा असतात? कोणासाठी आलात, म्हणालो. म्हणाला, पडताळणी आहे, गोपनीय आहे. गोपनीय! विषयच संपला.

मी एकदम थंड झालो. पंचवीस वर्षांचा सराव. म्हणालो, ती मुलगी इथे राहत नाही. कुठे गेली कोणाला माहीत नाही. लोक तिच्याबद्दल बरं बोलत नाहीत. एवढं ऐकल्यावर कुठला चोर पुन्हा फिरकणार? त्याने माझं नाव विचारलं. खरं नाव देण्याइतका मी दूधखुळा नाही. वरच्या पोस्टमनचं दिलं आणि झोकात सही ठोकली.

आल्या पावली गेला. हिला सांगायचा मोह झाला, पण पराक्रम बोलून दाखवू नये.

१९ मार्च, गुरुवार
सायंकाळी लेकीच्या मोबाइलवर पत्र आलं. विमा कंपनीचं. दिलेल्या पत्त्यावर उमेदवार राहत नाही, शेजाऱ्यांच्या मते वर्तणूक समाधानकारक नाही, सबब नियुक्ती थांबवण्यात येत आहे. खाली साक्ष देणारा म्हणून वरच्या पोस्टमनचं नाव आणि पडताळणीची तारीख. आठवड्यात फेरपडताळणी झाली नाही तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला.

नियुक्ती? कसली नियुक्ती? हे मी विचारायच्या आत लेक वर गेली. जिन्यातून तिचा आवाज येत होता, काका, तुमचं नाव आहे त्यावर, तुम्ही असं का सांगितलंत? पोस्टमन तीन वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरात आला. पत्र वाचलं, तारीख बघितली. म्हणाला, त्या दिवशी मी बहिणीकडे होतो, पोरी. मग इथे होतं कोण?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी चष्मा पुसत होतो.

नंतर सगळं बाहेर आलं. शिबिर नव्हतं. पूर्वपरीक्षा होती, मुख्य परीक्षा होती, मुलाखत होती. नळ आणि टाकी हे गणित होतं. पोस्टमन घड्याळ लावून तिच्याकडून गणितं सोडवून घ्यायचा. अर्ज तिने ३ ऑगस्टलाच भरला होता, मला जाहिरात दाखवायच्या आधी. मी म्हणालो, मग मला दाखवली कशाला? ती म्हणाली, तुम्हाला न सांगता काही करायचं नव्हतं, म्हणून करून मग सांगायला आले.

तिने ओरडायला हवं होतं, ती ओरडली नाही. म्हणाली, बाबा, बँकेचं पत्र फाडलंत तेव्हा कागद फाडला होतात. या वेळी मलाच नाहीसं केलंत.

२० मार्च, शुक्रवार
लेक फेरपडताळणीचा अर्ज द्यायला विमा कंपनीत निघाली. म्हणालो, मी येतो, सगळं स्पष्ट करतो. ती म्हणाली, तुम्ही घरी थांबा. हिने माझ्या चपला उचलून आत ठेवल्या.

देवापुढे बसलो. काय मागायचं सुचेना. दर वेळी मी संरक्षण मागतो. आज कोणापासून मागू?

२४ मार्च, मंगळवार
तोच माणूस, त्याच चपला. थोड्या झिजल्या आहेत.

मी दार उघडलं. पोस्टमनचं नाव घेऊन म्हणाला, नमस्कार, साहेब. मी म्हणालो, तो मी नव्हे. मी मुलीचा बाप. त्याने बॅग खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं, अगदी मी गेटवर ज्याच्या-त्याच्याकडे बघतो तसं. फार लागतं ते. इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

तरी मी पुढे झालो. म्हणालो, लिहून घ्या, मुलगी जन्मापासून इथेच राहते. म्हणाला, गेली तीन वर्षं काय करत होती? मी म्हणालो, घरीच असते. आतून ही म्हणाली, सकाळी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायला जाते, तीन वर्षं झाली. त्याने विचारलं, पदवी कशात? मी म्हणालो, चांगल्या मार्कांनी झाली. त्याने पेन बंद केलं. म्हणाला, काका, घरच्यांची साक्ष चालतच नाही. नात्याबाहेरचा कोणी बोलवा. गेल्या वेळी ज्यांचं नाव लागलं तेच आले तर बरं.

लेक उठायला लागली. मी म्हणालो, मी जातो.

जिना चढायला वेळ लागला. गुडघ्यामुळे. पोस्टमनने दार उघडलं, बाजूला झाला नाही. मी म्हणालो, एक सही हवी होती. तो म्हणाला, माझी सही तर तुम्हीच करता. पुढे काय बोलायचं ते मी जिन्यात तयार केलं होतं, ते सगळं गेलं. एवढंच म्हणालो, ते पत्र खरं होतं. बँकेचं. त्याने खुंटीवरचा शर्ट घेतला. म्हणाला, मीच आणलं होतं ना.

खाली येऊन तो खुर्चीत बसला आणि लेकीबद्दल बोलत राहिला. कोणत्या कॉलेजात, कशात पदवी, लॅब कुठली, गणितात कुठे अडते, मुलाखतीच्या आदल्या दिवशी काय म्हणाली. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. बरीच माहिती नवीन होती.

शेवटी त्या माणसाने माझ्याकडे पेन रोखून पोस्टमनला विचारलं, आणि हे? गेल्या वेळी खोटं बोलले. यांच्यापासून काही धोका?

पोस्टमनने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाला, पोरीवर जीव आहे. बाकी निरुपद्रवी.

त्याने ते लिहून घेतलं. मी उलट्या बाजूने वाचलं, शब्दाला शब्द. पोस्टमनने सही केली. तो माणूस लेकीला म्हणाला, आता अडचण येणार नाही, ताई. मग बॅगेतून शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली आणि कागदावर दाबला.

तिरका पडला.

मी चष्मा काढून खिशात ठेवला.