आईच्या बाजूची खुर्ची

प्रिय ठमे,

तुझी आई गेल्यानंतर काल पहिल्यांदा फॉरमॅटच्या, म्हणजे एकाची फाइल दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जशीच्या तशी उघडावी म्हणून सगळ्या कंपन्या मिळून नियम ठरवतात त्या, बैठकीला गेलो. तुमच्या कंपनीची, म्हणजे तिची, खुर्ची रिकामी होती. तिची सूचना चर्चेला आली, पण मांडायला कुणी नाही म्हणून पुढच्या बैठकीवर ढकलली. तेव्हाही कुणी नसेल तर ती रद्द होईल.

बाकी सगळं नेहमीसारखंच. बाहेर एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या कंपन्या त्या खोलीत एकमेकांच्या फाइली आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघतात. ज्याच्याकडे मजकूर विस्कटेल त्याने सगळ्यांना चहा आणून द्यायचा, हा नियम आईचाच. ती मुद्दाम तक्त्यात तक्ता, त्यात चित्र, अशी फाइल घेऊन यायची. तिच्या समोर बसणाऱ्या आमच्या कंपनीच्या पडद्यावर चित्र हमखास समासात जाऊन बसायचं. मग घरी 'अहो' म्हणणारी ही बाई सगळ्यांदेखत म्हणायची, "समोरचे साहेब, माझ्यात साखर कमी." काल आमच्याकडे सगळं नीट उघडलं. चहा दुसऱ्याच कुणीतरी आणला. पाणचट होता.

तुझ्या पहिल्या वाढदिवसापासून मामा वर्षभर रुसला होता, एवढं तुला माहीत आहे. त्याचं कारण असं. पाहुण्यांची यादी आईने तिच्या सॉफ्टवेअरमध्ये केली, मी माझ्यात उघडून छापली. माझ्याकडे तक्त्याची शेवटची ओळ पानाखाली गडप झाली, आणि त्या ओळीत मामा होता. मी इमानेइतबारे छापील यादीप्रमाणे सगळ्यांना फोन केले. मेव्हण्याला बोलवायला यादी लागते का, हे तिने मला पुढे वर्षभर ऐकवलं.

तेव्हापासून तिचं एकच म्हणणं, आणि तीच ही सूचना. पानावर न मावलेली ओळ पुढच्या पानावर गेलीच पाहिजे, हे सगळ्यांच्या फॉरमॅटमध्ये लिहून ठेवा. मी विरोध करत आलो. आमच्या गिऱ्हाइकांच्या जुन्या कागदपत्रांची पानं हलतील, ही माझी अडचण खोटी नाही. घरी यावर बोलायचं नाही असं ठरलं होतं. एकदा भाजी चिरता चिरता तिने विषय काढला, तर मी "बैठकीत मांडा" म्हणालो. त्या दिवशी मला माझं ताट मीच वाढून घ्यावं लागलं.

तिच्या जागी बसायला तुला विचारलं होतं, आणि "बाबांशी भांडायचं आत्ता नको" म्हणून तू नाही म्हणालीस, हे मला काल तिथेच कळलं. माझी काळजी केलीस, बरं वाटलं. पण हल्ली जो तो माझ्यापुढे नुसती मान डोलावतो. मी काहीही बोललो तरी कुणी खोडून काढत नाही. घर फार शांत झालंय गं. तू ये. तिची सूचना मांड आणि अगदी ठासून मांड. मी विरोधातच बोलणार आहे, मुलगी म्हणून सवलत मिळणार नाही. तेव्हा तयारी करून ये.

तुझाच,
विरोधी मताचा बाबा